परदेशात रात्री अकरानंतर काय खाता, कुठे भटकता?

रातपाळी (ऐरोली)

नमस्कार मंडळी,

सहल ठरवताना हॉटेलात सकाळचा नाश्ता धरलाय का, हे आपण चारचारदा विचारून घेतो. रात्रीचं मात्र ‘तिकडे गेल्यावर बघू’ एवढ्यावर सोडतो. मग आठ वाजता भारतीय हॉटेल शोधायचं, पनीर-रोटी खायची आणि नऊला खोलीवर. मला याचं फार वाईट वाटतं. बँकॉक, सिंगापूर, इस्तंबूल ही शहरं उन्हं उतरल्यावर रंगात येतात, आणि आपण इतका खर्च करून गेलेलो असताना नेमके तेव्हाच झोपायला जातो.

माझं काम रात्रपाळीचं. दीड-दोनला खाली उतरलं की गेटाबाहेर भुर्जीपाव, मॅगी आणि सायकलवरचा चहा. तिथे कोण असतं? कॅबचे ड्रायव्हर, सिक्युरिटीवाले आणि आम्ही. गिऱ्हाईक रोजचं असलं की गाडीवाला शिळं खपवू शकत नाही, कारण उद्या पुन्हा त्याच माणसांसमोर उभं राहायचं असतं. परदेशात मी हेच बघते. दारात उभं राहून हाका मारणाऱ्या, मेन्यूचे मोठ्ठे फोटो लावलेल्या दुकानाकडे मी वळत नाही. टॅक्सीवाले आणि ड्यूटी संपवून आलेली माणसं जिथे खात असतील तिथे थांबते. रात्रीचं शहर मला त्या रांगेत भेटतं.

बँकॉकचं यावारात, म्हणजे तिथलं चायनाटाउन, मला सगळ्यात आवडतं. संध्याकाळी सहा-सातपासून फूटपाथवर गाड्या लागायला लागतात. २०१९ मध्ये वाट मंगकोन हे मेट्रो स्टेशन सुरू झाल्यापासून तिथे पोचणं अगदी सोपं झालंय. कोळशावर भाजलेल्या पावाची एक गाडी आहे, तिथे गर्दी एवढी की तोंडी ऑर्डर घेतच नाहीत. कागदाचा चिटोरा हातात देतात, त्यावर आपणच खूण करायची: लोणी-साखर, आटवलेलं दूध, चॉकलेट, पानदान या सुवासिक पानाचं हिरवं कस्टर्ड. मग नंबर पुकारेपर्यंत उभं राहायचं. पाव वरून कडक, मधे चमचाभर गरम सारण, आणि हाताला कोळशाचा वास. सोमवारी यावारातच्या बऱ्याच गाड्या बंद असतात, त्यामुळे तो दिवस दुसऱ्या कशाला ठेवा.

तुमचे अनुभव लिहा. शाकाहारी मंडळी काय खातात, बायका एकट्या असताना काय काळजी घेतात, आणि रात्री परत कसे येता, हे तर नक्की लिहा.

नौपाडेकर

धागा आवडला, पण नाइटलाइफ म्हटल्यावर नुसतं खाणं? माणसं नाचायला, गाणं ऐकायला, मित्रांबरोबर दोन पेग घ्यायलाही जातात की.

थायलंडमध्ये डिसेंबर २०२३ पासून बँकॉक, फुकेत, चिआंग माई, पट्टायाचा चोनबुरी प्रांत आणि सामुई इथल्या परवाना असलेल्या क्लबांना पहाटे ४ पर्यंत परवानगी आहे. दारू पिण्याचं वय २०. आणि तुमच्या ग्रुपमध्ये कोणी व्हेप ओढत असेल तर ते घरीच ठेवून या, थायलंडमध्ये ई-सिगारेटला बंदी आहे, दंड होतो.

बर्लिनला क्लबात शिरताना मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवतात. फोटो काढायचेच नाहीत. मला हे मनापासून पटलं. आत सगळे नाचत असतात, कोणी कोणाचा व्हिडिओ काढत नसतो. शुक्रवारी-शनिवारी तिथली यू-बान, म्हणजे मेट्रो, रात्रभर चालते, त्यामुळे पहाटे बाहेर पडून कोपऱ्यावर डोनर, म्हणजे पावात भरलेला कबाब, खायचा आणि ट्रेननेच परतायचं.

रातपाळी (ऐरोली)

@नौपाडेकर, अहो, नाचगाणं वगळायचं नाहीच आहे, त्यावर जरूर लिहा. माझं म्हणणं इतकंच की क्लबातून बाहेर पडल्यावर भूक लागतेच, आणि तेव्हा जे खातो ते त्या गावाचं असतं. क्लबातलं संगीत मला सगळीकडे जवळपास एकच ऐकू आलंय.

दिवाळे_बंदर (बेलापूर)

आमचं घर कोळीवाड्यातलं, त्यामुळे शिनाणे, तिसऱ्या, कालवं सगळं चुलीवर बघत मोठा झालो. इस्तंबूलला रात्री रस्त्यावर ‘मिदये दोल्मा’ विकतात ते बघून जीव सुखावला. शिनाण्यांमध्ये मिरी-मसाल्याचा भात भरून शिजवतात आणि थंड करून मोठ्या ताटात रचून ठेवतात. तुम्ही समोर उभे राहिलात की विक्रेता एक उचलतो, अंगठ्याने शिंपला उघडतो, वरची अर्धी शिंपली मोडून तिचाच चमचा करतो, लिंबू पिळतो आणि हातात देतो. ते तोंडात जाईपर्यंत पुढचा तयार. तुम्ही ‘बस’ म्हणेपर्यंत हात थांबत नाही. शेवटी समोर पडलेल्या शिंपल्या मोजून पैसे.

एक सल्ला, तो आमच्या घरच्या शिस्तीतला: शिंपल्याच्या जातीचं काहीही उन्हात बसलेल्या ताटातलं खायचं नाही. रात्री, गर्दीच्या माणसाकडे, जिथे ताट भराभर रिकामं होतंय तिथेच. वास किंचित जरी वेगळा आला तरी पहिलाच ठेवून द्यायचा, पैसे देऊन पुढे निघायचं.

तकसीम चौकात ‘इस्लाक हॅम्बर्गर’ मिळतो, टोमॅटो-लसणाच्या रसात भिजलेला, काचेच्या कपाटात वाफेवर ठेवलेला बर्गर. रात्री दोनला खायचा पदार्थ आहे तो. आणि थंडीत पहाटेपर्यंत उघडी असलेली सूपची दुकानं. तिथले लोक रात्री उशिरा वजडीचं सूप पितात, वरून लसूण आणि व्हिनेगर. आपल्याकडे वजडी खाणाऱ्याला ते परकं वाटणार नाही.

तिखटमीठ

@दिवाळे_बंदर, जबरदस्त वर्णन! +१

शाकाहारी_वाशी

शिनाणे, वजडी... आमच्यासारख्यांनी कुठे जायचं? माझे मिस्टर अंडंही खात नाहीत आणि सासूबाईंना कांदा-लसूण चालत नाही. बरोबर थेपले, खाकरे, चिवडा असतोच, पण रात्री बाहेर पडायची हौस आम्हालाही आहे.

रातपाळी (ऐरोली)

@शाकाहारी_वाशी, ताई, तुम्हाला वाटतं त्यापेक्षा खूप मिळतं. थायलंडमध्ये ‘जे’ अशी पाटी शोधा. पिवळ्या झेंड्यावर लाल थाई अक्षरं असतात. जे जेवणात मांस, मासे, अंडी, दूध तर नाहीच, कांदा-लसूणही नसतो, म्हणजे सासूबाईंची सोय झाली. साधारण ऑक्टोबरच्या सुमाराला त्यांचा नऊ दिवसांचा शाकाहाराचा सण येतो, तेव्हा अख्खं यावारात पिवळ्या झेंड्यांनी भरतं. एरवी मात्र नुसतं ‘व्हेज’ म्हणून थांबू नका. भाजीतही नाम प्ला म्हणजे माशांचा सॉस पडतो आणि त्यांच्या दृष्टीने तो मांसाहार नसतो.

व्हिएतनाममध्ये तसाच शब्द ‘चाय’, लिहितात सी-एच-ए-वाय. पौर्णिमा-अमावास्येला तिथले पुष्कळ बौद्ध लोक शाकाहार करतात, त्या दिवशी एरवी मांस विकणाऱ्या गाड्यांवरही चायचे पदार्थ दिसतात. तारखा ठरवताना पंचांगात पौर्णिमा बघून ठेवा, खरंच उपयोग होतो.

इस्तंबूलला सूपच्या त्याच दुकानात मसूरडाळीचं सूप मिळतं, ‘मेर्जिमेक’. लिंबू, तिखट, बरोबर हवा तेवढा पाव. पाणी मटणाचं घातलंय का तेवढं विचारून घ्या, काही ठिकाणी घालतात. तिथल्याच ऑर्ताकोय भागात ‘कुंपीर’ मिळतो: मोठा भाजलेला बटाटा, आत लोणी आणि चीज घोटून, वर मका, ऑलिव्ह, लोणच्याचे तुकडे. काय घालायचं ते आपण काचेवर बोट ठेवून सांगायचं, त्यामुळे भाषेची अडचण नाही.

जपान मात्र अवघड. सूप दिसायला साधं असलं तरी त्याचं मूळ पाणी, ‘दाशी’, बहुतेक वेळा सुक्या माशाचंच असतं. तिथे तुमचे थेपले कामाला येतील.

सीवूड्सची_मावशी

वय झालं म्हणून आम्हाला साडेआठला खोलीत कोंडतात, त्याबद्दल बोलायचंय. आम्ही ग्रुप टूरने सिंगापूरला गेलो होतो. साडेसातला भारतीय जेवण, आठ-सव्वाआठला बसने हॉटेलवर, ‘उद्या सकाळी सहाला नाश्ता’. पहिल्या रात्री खिडकीतून शहर बघत बसले. दुसऱ्या रात्री आम्ही तिघी मैत्रिणी लॉबीत उतरलो आणि टॅक्सी करून लाउ पा सातला गेलो.

लाउ पा सात म्हणजे ओतीव लोखंडाच्या खांबांवर उभा असलेला जुना अष्टकोनी बाजार. त्याच्या शेजारचा बून टॅट रस्ता संध्याकाळी गाड्यांना बंद करतात आणि तिथे साते भाजणारे ओळीने बसतात. मांसाचे तुकडे काडीला ओवून कोळशावर, वरून पंख्याने वारा. बरोबर शेंगदाण्याची जाड चटणी, काकडी, कांदा आणि भाताच्या दाबलेल्या वड्या. उंच उंच बँकांच्या इमारती भोवती, आणि मधे रस्त्यावर प्लॅस्टिकच्या टेबलांवर ऑफिसातली पोरं टाय सैल करून जेवताहेत. आमच्या शेजारच्या टेबलावर आजी, आई, नातू अशी तीन पिढ्यांची मंडळी होती. रात्रीचे दहा वाजलेले. आम्हाला कोणी वळून बघितलं नाही.

टेबल धरायला तिथे रुमालाचं पाकीट ठेवतात, ते उचलून बाजूला करू नका, ती जागा घेतलेली असते. आणि जेवल्यावर ट्रे स्वतः नेऊन ठेवायचा, २०२१ पासून तो नियमच आहे.

माझ्या वयाच्या बायकांना कळकळीने सांगते, टूर मॅनेजरला सांगून, हॉटेलचं कार्ड पर्समध्ये ठेवून बाहेर पडा. दुपारी तासभर झोप काढली की रात्री पाय दुखत नाहीत.

पामबीच

मावशी, दंडवत. टूरवाले रात्री बाहेर सोडायला घाबरतात, कारण कोणी हरवलं तर जबाबदारी त्यांची. पण निदान पर्याय तरी द्यावा.

सिंगापूरबद्दल थोडी भर. रात्री साडेदहा ते सकाळी सात सार्वजनिक जागेत दारू पिता येत नाही, दुकानातूनही या वेळात नेण्यासाठी मिळत नाही. हा कायदा २०१५ चा. लिटल इंडिया आणि गेलांग या तिथल्या दोन भागांत तर नियम अजून कडक आहेत, २०१३ मध्ये लिटल इंडियात दंगल झाली होती त्यानंतरचे. मुस्तफा सेंटर हे खरेदीचं मोठं दुकान करोनाआधी चोवीस तास उघडं असायचं, आता रात्री दोनला बंद होतं. बॅगा भरायच्या आदल्या रात्रीचं खरेदीचं नियोजन करणाऱ्यांनी लक्षात ठेवा. टॅक्सीला मध्यरात्रीनंतर भाड्यावर ५० टक्के जादा लागतात.

कळवा_खाडी

परतीचं कोणी नीट लिहिलं नाही म्हणून लिहितो. आपण शेवटच्या कर्जत-कसाऱ्याच्या हिशोबाने वाढलेली माणसं, तोच हिशोब तिकडे लावायचा. संध्याकाळी खोलीतून निघतानाच शेवटची ट्रेन किती वाजता आणि कुठून, ते बघून ठेवायचं.

टोकियोत एवढी प्रचंड रेल्वे, पण बाराच्या सुमारास आवरती घेते, काही मार्गांवर एकपर्यंत. नंतर पहाटे पाचच्या आसपासच सुरू. मधल्या वेळात टॅक्सी, आणि तिला रात्री दहा ते पहाटे पाच २० टक्के जास्त. म्हणून तिथले लोक ट्रेन चुकली तर कॅप्सूल हॉटेलात नाहीतर कराओकेच्या खोलीत रात्र काढतात. इझाकायात, म्हणजे तिथल्या खाण्यापिण्याच्या बारमध्ये, बसल्यावर न मागता एक छोटी वाटी येते, तिचे तीन-चारशे येन बिलात लागतात. ती बसण्याची आकारणी असते, फसवणूक नव्हे, वाद घालू नका.

लंडनला ऑगस्ट २०१६ पासून शुक्रवार-शनिवारी रात्रीची ट्यूब, म्हणजे भुयारी रेल्वे, आहे, पण सगळ्या लाइन नाहीत: सेंट्रल, व्हिक्टोरिया, ज्युबिली, नॉर्दर्न, पिकॅडिली, आणि त्यांचेही सगळे फाटे नाहीत. हॉटेल या पाचांपैकी एकीवर घेतलं तर वीकएंडला टॅक्सीचे पैसे वाचतात. बँकॉकची ट्रेन रोज बाराच्या आसपास बंद होते, शनिवार असो की सोमवार.

खारघर_टेकडी

मी रुग्णालयात काम करते, म्हणून जे लिहितेय ते नीट वाचा.

नोव्हेंबर २०२४ मध्ये लाओसच्या वांग व्हिएंगमध्ये मिथेनॉल मिसळलेली दारू पिऊन ६ परदेशी पर्यटक गेले, बहुतेक विशी-तिशीच्या आतले. हॉस्टेलांत, बारमध्ये फुकट मिळणारे शॉट, बादलीतून येणारं कॉकटेल, लेबल नसलेली गावठी, हे घेऊ नका. सीलबंद बाटली किंवा बिअरचा कॅन तुमच्यासमोर उघडलेला असू द्या. मिथेनॉल प्यायल्यावर सुरुवातीला नेहमीची नशाच वाटते. बारा-चोवीस तासांनी डोकं दुखणं, उलट्या, आणि डोळ्यांसमोर धुरकट दिसणं सुरू होतं. धुरकट दिसतंय म्हटल्यावर ‘हँगओव्हर आहे, झोपू दे’ असं अजिबात करायचं नाही, तडक दवाखाना. उपचार आहेत, पण वेळेवर मिळाले तर.

दुसरं, ओळख काढून ‘चल, मला एक बार माहितीये’ म्हणणारा माणूस. इस्तंबूलच्या तकसीमच्या आसपास हा प्रकार प्रसिद्ध आहे: गप्पा, मैत्री, आत गेल्यावर शेजारी मुली येऊन बसतात, आणि शेवटी हजारोंचं बिल, दारात दोन धिप्पाड माणसं. टोकियोच्या काबुकिचो या बारच्या वस्तीत तर रस्त्यावरच्या लाउडस्पीकरवरून सांगत असतात की हाका मारणाऱ्यांच्या मागे जाऊ नका. बार आपण निवडलेला असावा, किमती लिहिलेल्या असाव्यात.

नियम देशागणिक बदलतात. तुर्कस्तानात दुकानातून रात्री दहानंतर दारू विकत नाहीत. टोकियोत शिबुया स्टेशनच्या परिसरात ऑक्टोबर २०२४ पासून संध्याकाळी सहा ते पहाटे पाच रस्त्यावर पिण्यास बंदी आहे. दुबईत हॉटेलात प्यायला हरकत नाही, पण रस्त्यावर पिणं किंवा झिंगून फिरणं गुन्हा आहे.

तिखटमीठ

ही माहिती धाग्याच्या सुरुवातीला डकवा, प्लीज.

घोडबंदरची_पोर

मी एकटी फिरते. रात्रीचं माझं ठरलेलं: खोली मुख्य रस्त्यावर घेते, पाचशे रुपये जास्त गेले तरी चालतील. स्टेशनपासून हॉटेलपर्यंतचा रस्ता दिवसाउजेडी एकदा चालून बघते, कुठलं दुकान रात्री उघडं असतं ते हेरून ठेवते. बँकॉकला प्रत्येक वळणावर चोवीस तासांचं सेव्हन-इलेव्हन आहे. कोणी मागे येतंय असं वाटलं की आत शिरायचं, टोस्ट गरम करून मागायचा, तो गरम होईपर्यंत ग्रॅब, म्हणजे अ‍ॅपवरची टॅक्सी, बोलवायची. खायला बसताना शक्यतो जिथे बाई गाडी चालवते तिथे बसते. हातवाऱ्यांनी दोन शब्द झाले की ती लक्ष ठेवते, हा माझा अनुभव आहे.

उपवन

हे सगळं वाचून आपल्याकडचं आठवतंय. ठाण्यात रात्री बारानंतर घरच्यांना घेऊन कुठे बसून खायचं म्हटलं तर मोजकीच ठिकाणं. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य सरकारने स्पष्ट केलं की दारू देणारी ठिकाणं सोडून दुकानं-हॉटेलं चोवीस तास उघडी ठेवता येतात. पण गाड्या अजून लपतछपत.

रातपाळी (ऐरोली)

@उपवन, अगदी मनातलं बोललात. सिंगापूरलाही फेरीवाले रस्त्यावरच होते. सत्तर-ऐंशीच्या दशकांत सरकारने त्यांना छप्पर, नळ, गटार, वीज असलेल्या जागा बांधून दिल्या, परवाने दिले. डिसेंबर २०२० मध्ये त्याच हॉकर संस्कृतीची युनेस्कोने नोंद घेतली. आमच्या गेटाबाहेरच्या भुर्जीवाल्या काकांना एक नळ आणि एक दिवा मिळाला तरी ते काय उत्तम खाऊ घालतील! पाणी कॅनमधून आणतात, प्लेट विसळायला जागा नाही, आणि महापालिकेची गाडी आली की उकळतं तेल घेऊन पळायचं. हात भाजलेले मी पाहिलेत. ठाणे असो की नवी मुंबई, आपल्याकडे मोकळे भूखंड आहेत, पुलांखालच्या जागा आहेत. मागणी आपणच करायला हवी. बायकांसाठी स्वच्छतागृह त्यात पहिलं.

नौपाडेकर

सहमत. यावर वेगळा धागा काढा, सह्यांची मोहीम करू.

जुईनगर_ईस्ट

वाचनखूण साठवली. आम्ही पुढच्या महिन्यात क्वालालंपूरला जातोय. मी, बायको, आठ वर्षांची मुलगी आणि आई. आईला मधुमेह, मासे-अंडी बंद. रात्री कुठे न्यावं?

रातपाळी (ऐरोली)

@जुईनगर_ईस्ट, दादा, क्वालालंपूर या बाबतीत फार सोयीचं आहे. ‘मामाक’ शोधा. तमिळ मुसलमानांनी सुरू केलेली ही हॉटेलं, बरीचशी चोवीस तास उघडी. मलय, चिनी, भारतीय सगळे एका छताखाली बसलेले असतात, मुलं अभ्यासाची वही घेऊन, मोठे फुटबॉलची मॅच बघत. दारू नसते, त्यामुळे मुलीला आणि आईंना न्यायला उत्तम.

रोटी चनाई मागवा. पीठ तेला-तुपात भिजवून, हवेत फिरवून पातळ करतात, घडी घालून तव्यावर टाकतात आणि उतरल्यावर दोन तळव्यांनी टाळी वाजवल्यासारखी दाबून तिचे पदर मोकळे करतात. मुलीला तव्यासमोर उभी करा, ती हलणार नाही. आईंसाठी साधी म्हणजे ‘कोसोंग’ मागा, ‘तलूर’ म्हटलं की अंडं. पिठातही कुठे कुठे अंडं घालतात, तेवढं विचारून घ्या. बरोबर डाळ येते, पण तीवर माशाची आमटी ओतायची पद्धत आहे, म्हणून आधीच ‘ताक नाक इकान’, मासे नकोत, असं सांगा. तेह तारिक हा फेसाळ चहा आटवलेल्या गोड दुधाचा असतो. आईंना तो नको, ‘तेह ओ कोसोंग’ सांगा, बिनदुधाचा, बिनसाखरेचा येईल. आणि रात्री उशिरा खायचं असेल तर त्यांच्या गोळ्यांची वेळ निघण्याआधी डॉक्टरांना विचारून ठेवा.

जालान आलोर या खाऊगल्लीतही एक चक्कर मारा. तिथे मांस-मासेच जास्त, आणि हाका मारणारे पुष्कळ, पण फळांच्या गाड्या सुंदर असतात. ड्युरियन हे उग्र वासाचं फळ चाखायचं असेल तर गाडीवरच उभ्याने खाऊन हात धुऊन घ्या, बहुतेक हॉटेलं ते खोलीत नेऊ देत नाहीत.